राखीव डिस्क

गुरुवार, १८ सप्टेंबर. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. स्टोरेजच्या पेटीत डिस्क चोवीस. त्यांपैकी आजारी एक, राखीव एक. खोलीत माणसे दोन.

नोंद अशीच सुरू करायची, ही सवय मला तंत्रनिकेतनात लागली. आमचे प्रयोगशाळेतील शिक्षक म्हणत, "आधी वेळ लिहा, मग आकडा लिहा, मग काय वाटलं ते लिहा. आणि काय वाटलं ते लिहायला कागद उरला नाही, तर फारच उत्तम." चाळीस वर्षे मी त्याच क्रमाने लिहीत आलो. आजही त्याच क्रमाने लिहिणार आहे. कागद पुष्कळ उरला आहे.

मी निवृत्त होऊन चौदा महिने झाले. त्याआधी सव्वीस वर्षे या कार्यालयाचे सर्व्हर माझ्याकडे होते. शहरातील जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी येथे ठेवल्या जातात. माझ्या जागेवर आता ज्या मॅडम आहेत, त्यांनी माझ्या हाताखाली आठ वर्षे काढली. तरी खुर्चीचा मान म्हणून मी त्यांना मॅडमच म्हणतो आणि त्या मला सर म्हणतात. जुन्या पेटीतील सात क्रमांकाची डिस्क वारंवार चुका दाखवू लागली, तेव्हा त्यांनी मला फोन केला. "सर, ही पेटी तुमच्या हातची आहे. डिस्क बदलताना तुम्ही समोर असलात तर मला धीर येईल."

मलाही ते सोयीचे होते. आमच्या व्यवसायाच्या मासिकात मी 'साठवण आणि सांभाळ' हे सदर लिहितो. या महिन्याचा विषयच 'चालू पेटीतील डिस्क कशी बदलावी' हा होता. म्हणून लिहिण्याची वही बरोबर घेतली.

निघताना सौभाग्यवतीने दारातच अडवले. आज चार वाजता तिच्या डाव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होती.

"तीनला घरी म्हणजे तीनला हं. तुमचं ते 'पाच मिनिटांत आलो' मला आता पाठ झालंय."

"डिस्क बदलायला दहा मिनिटं लागतात," मी म्हणालो.

"मुलगी झाली तेव्हाही दहाच मिनिटं लागणार होती."

मुलीचा जन्म झाला तेव्हा मी दुसऱ्या एका कार्यालयात एका सर्व्हरपाशी बसलो होतो. त्या गोष्टीला चौतीस वर्षे झाली, पण आमच्या घरात ती अजून शिळी झालेली नाही. मी तिला शब्द दिला.

कार्यालयाच्या तळमजल्यावर पहारेकरी बसतो. तो पूर्वी सैन्यात होता, म्हणून सगळे त्याला हवालदार म्हणतात. माझे एका दिवसाचे कार्ड तयार करताना त्याने माझा डबा स्वतःकडे ठेवून घेतला, कारण सर्व्हरच्या खोलीत खाणेपिणे न्यायचे नाही. हा नियम माझाच.

"साहेब, एक विचारू? डिस्क मेली की तिच्यातला मजकूर जातो कुठं?"

"जात नाही. तुमच्या घरात माणसं किती?"

"पाच."

"समजा, प्रत्येकाचं थोडंथोडं बाकीच्या चौघांना ठाऊक आहे. उद्या एक जण हरवला, तर उरलेल्या चौघांना विचारून त्याचं सगळं पुन्हा मांडता येतं. त्याच्या जागी कोरा माणूस बसवायचा आणि चौघांनी मिळून त्याला पढवायचं. याला आम्ही रिबिल्ड म्हणतो."

"म्हणजे मी गेलो तर बायको दुसरा हवालदार उभा करील?"

"तंतोतंत."

"आणि मी परत आलो तर?"

मॅडम हसून म्हणाल्या, "मग तुम्ही फॉरेन. परके. पेटी तुम्हाला ओळखच देणार नाही."

"अरे देवा! मग माझ्या ताटाचं काय?"

आम्ही तिघेही हसलो. दहा वाजून पस्तीस मिनिटांनी मॅडम आणि मी एकवीस पायऱ्या उतरून खाली गेलो.

खोलीचे वर्णन करणे आवश्यक आहे. लांबी अकरा मीटर, रुंदी सहा, खिडकी नाही. जमीन उचललेल्या फरशांची. काही फरशांना भोके असून त्यांतून गार वारा वर येतो आणि पायजम्यातून गुडघ्यापर्यंत चढतो. मशिनींचा आवाज एकाच सुरात असतो; दहा मिनिटांनी तो ऐकू येईनासा होतो आणि दातांना जाणवू लागतो. रॅकच्या दोन रांगा. कोपऱ्यात टेबल, त्यावर स्क्रीन, तारेचा फोन आणि पावत्या छापणारे लहान यंत्र. मोबाईलची रेंज येथे येत नाही.

दार एकच. दाराशेजारी एक फलक असून त्यावर मराठीत अक्षरे उमटतात. तो मीच आग्रह धरून करून घेतला होता. कार्ड दाखवून माणूस आत आला की आकडा एकाने वाढतो, बाहेर गेला की एकाने कमी होतो. आम्ही आत आलो तेव्हा फलकावर लिहिलेले होते : आत व्यक्ती २.

आता मुख्य गोष्ट. माझ्या सदरात मी किमान सहा वेळा लिहिले आहे की, डिस्क काढण्यापूर्वी स्क्रीनवरून आज्ञा द्यावी, म्हणजे त्या डिस्कचा निळा दिवा लुकलुकू लागतो. तो वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, आणि मगच हात घालावा. चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये. चिठ्ठी माणसाने लावलेली असते.

सात क्रमांकाची जागा खालच्या ओळीत होती. माझा उजवा गुडघा गेले चार महिने दुखतो. मॅडम पाठमोऱ्या होत्या, टेबलावर नव्या डिस्कचे खोके उघडत होत्या. मी आज्ञा दिली नाही. वाकलो नाही. हात खाली नेला, बोटांनी चिठ्ठी चाचपली, वरून आकडा वाचला, कळ दाबली आणि डिस्क ओढून बाहेर काढली.

स्क्रीनने शिट्टी दिली. बाहेर आलेली डिस्क क्रमांक सातची नव्हती. सहाची होती.

पेटी शून्यापासून मोजते. माझ्या काळात चिठ्ठ्याही शून्यापासून होत्या. मधल्या चौदा महिन्यांत कोणीतरी त्या बदलून एकपासून लावल्या होत्या. मी धडधाकट डिस्क काढली होती आणि आजारी डिस्क पेटीतच होती.

पेटीने क्षणभरही वाट पाहिली नाही. सहावी हरवली असे धरून तिने राखीव डिस्क तिच्या जागी घेतली आणि रिबिल्ड सुरू केले. मी काढलेली डिस्क लगेच परत घातली. स्क्रीनवर तिच्यापुढे शब्द आला : फॉरेन. हे अपेक्षितच होते. एकदा जागा दुसऱ्याला दिली की मूळ डिस्क कितीही निरोगी असो, पेटी तिला घरात घेत नाही. ती पुन्हा बाहेर काढून मी टेबलावर ठेवली. ती अजून कोमट होती.

"सर, दिवा लावून पाहिला होतात ना?" मॅडमनी विचारले. आवाजात आरोप नव्हता. विचारायचे म्हणून विचारले.

"पाहिला होता," मी म्हणालो. "सातचाच लुकलुकत होता. पेटीच चुकीचं दाखवतेय."

"मग पेटीचाच दोष, सर." त्यांनी बिघाडाच्या नोंदीत तसे लिहिले. कारण : पेटीतील दोष. दिवा तपासला होता : होय.

इतके सोपे होते ते.

नवी आणलेली डिस्कही खोक्यात तडकलेली निघाली. रिबिल्ड चालू असताना सातवीने जीव सोडला असता, तर शहराच्या नोंदी गेल्या असत्या. म्हणून मॅडम दुसऱ्या इमारतीतील भांडारातून आणखी एक डिस्क आणायला निघाल्या. जाताना त्यांनी टेबलावरच्या डिस्ककडे बोट दाखवले.

"हिची पावती संध्याकाळी आपोआप छापून येईल. उद्या सकाळी काढलेल्या डिस्कचा चुरा करणारा येईल. इथून कोणी सदेह बाहेर जात नाही, तुमचाच नियम."

"माझे नियम फार झाले," मी म्हणालो.

"तुम्ही बसता ना तोवर?"

"बसतो. तीनपर्यंत मात्र मला सोडा."

त्या गेल्या. फलकावर आकडा उमटला : आत व्यक्ती १. रिबिल्ड अकरा वाजून पाच मिनिटांनी सुरू झाले होते. स्क्रीनने अंदाज दिला : चार तास वीस मिनिटे. म्हणजे तीन पंचवीसला संपणार. मॅडम आल्या की मी निघणार होतो. ते संपेपर्यंत थांबण्याची मला गरज नव्हती.

मी वही उघडली आणि सदराचा पहिला परिच्छेद लिहिला. 'डिस्क काढण्यापूर्वी दिवा वाकून पाहावा.' मग तो खोडला.

बारा दहा. रिबिल्ड पंचवीस टक्के. भूक लागली म्हणून हवालदाराला फोन करून डबा जिन्याच्या तोंडाशी आणून ठेवायला सांगितले.

"डबा?" तो म्हणाला. "अहो, तुम्ही तर मगाशी जिना चढून वर गेलात ना? मी हाकसुद्धा मारली."

"मी खोलीतच आहे."

"मग दुसरं कोणी असेल. पाठमोरं दिसलं मला. म्हातारी पाठ सगळ्यांची सारखीच, साहेब, राग मानू नका."

मी राग मानला नाही. कामाच्या दिवशी कार्यालयात साठीचे पुरुष पुष्कळ येतात.

बारा पंचावन्न. बेचाळीस टक्के. खोलीतील दिवे गेले. ते हालचालीवर चालतात. दहा मिनिटे कोणी हलले नाही की विझतात आणि हात हलवला की लागतात. मी हात हलवला. उभा राहिलो. दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले, वाट चुकलेला माणूस होडीला पाहून हलवतो तसे. दिवे लागले नाहीत. रॅकवरच्या शेकडो हिरव्या ठिपक्यांच्या आणि स्क्रीनच्या उजेडात मी दारापर्यंत गेलो व कार्ड दाखवले.

फलकावर अक्षरे आली : हे कार्ड बाहेर आहे. पुन्हा बाहेर जाता येणार नाही.

त्याखाली : आत व्यक्ती ०.

यामागचे तर्कशास्त्र मला पूर्ण ठाऊक होते. एका कार्डावर दोन माणसांनी ये-जा करू नये, म्हणून जे कार्ड एकदा बाहेर गेले ते आत आल्याखेरीज पुन्हा बाहेर जाऊ शकत नाही. ही सोय मी बसवली आणि तिच्याविषयी सदरात लिहिलेही. प्रश्न इतकाच होता की, कार्ड माझ्या हातात असताना बाहेर कसे गेले.

मी पुन्हा फोन केला.

"हवालदार, माझा डबा आहे का तुमच्याकडे?"

"तुम्हीच नेलात की. सही आहे तुमची."

"मी काही बोललो?"

"नाही. नुसती मान हलवलीत." तो थोडा थांबला. "तब्येत बरी आहे ना, साहेब? तोंड जरा... म्हणजे उजेड कमी होता तिथं. नीट दिसलं नाही."

"खाली या आणि दार उघडा."

"माझ्या कार्डावर नाही उघडत. रिबिल्ड चालू असलं की फक्त मॅडमच्या. तुमचाच नियम ना तो?"

मी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे टक्के, उजवीकडे घडलेले. पंचवीस : पाठ. बेचाळीस : सही, मान हलवणे, चेहरा अस्पष्ट. दोन नोंदींवरून अनुमान काढू नये, असेही मी खाली लिहिले.

एक चाळीस. साठ टक्के. मॅडमना फोन लागला. मागे रहदारीचा आवाज होता.

"मॅडम, मी आत अडकलोय. दार उघडत नाही."

"सर? आत्ता तर पार्किंगपाशी बोललो आपण. गुडघा दुखतोय म्हणून बाकावर बसला होतात."

"मी काय म्हणालो?"

"काय म्हणजे? दुसरी डिस्क उद्या घालू म्हणालात. रिबिल्ड होईपर्यंत खोलीत कोणी पाऊल ठेवायचं नाही, साधा दार उघडल्याचा धक्काही नको."

हे मी म्हणू शकलो असतो. नेमके याच शब्दांत मी ते तीन वर्षांपूर्वी छापलेही होते.

"मॅडम, नीट ऐका. मी खोलीत आहे. या क्षणी."

"आवाज फार तुटतोय, सर. तुम्ही वर आहात ना, मी पोचतेच पाच मिनिटांत, तेव्हा बोलू."

फोन बंद झाला. साठ : बोलणे, गुडघा, मते.

दाराच्या उजवीकडे आणीबाणीची लाल कळ आहे. ती दाबली की लोहचुंबक सुटतो आणि दार उघडते. मी काच फोडून ती दाबली. कळ आत गेली. फलकावर लिहून आले : खोली रिकामी. कळीत बिघाड. सूचना दुर्लक्षित.

नऊ वर्षांपूर्वी ओलाव्यामुळे ही कळ आपोआप दाबली जाऊन चार वेळा दार सताड उघडे राहिले होते. तेव्हा मी एक दुरुस्ती केली : आत व्यक्ती शून्य असताना कळ दाबली गेली, तर तो बिघाड समजावा. बैठकीत कोणीही हरकत घेतली नव्हती. रिकाम्या खोलीत कळ दाबायला कोण येणार?

मी दारावर मुठी आपटल्या. दार चार इंच जाडीचे असून आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आतून अस्तर लावलेले आहे. मग मी थांबलो, कारण हात दुखू लागले आणि त्याने काही साध्य होत नव्हते.

दोन वीस. पंच्याहत्तर टक्के. एकच उपाय शिल्लक होता. राखीव डिस्क ओढून काढली की रिबिल्ड थांबते. सातवी टिकून राहिली, तर नोंदींना धोका नव्हता. नाही राहिली, तर होता. तीनला मला घरी पोचायचे होते. मी तो धोका पत्करायचे ठरवले.

या वेळी मी नियमाप्रमाणे वागलो. स्क्रीनवरून आज्ञा दिली : राखीव डिस्क, निळा दिवा, चालू. स्क्रीनने होकार दिला. मी गुडघ्यावर हात टेकून वाकलो आणि चोवीस जागा एकेक करून पाहिल्या.

निळा दिवा कोठेही नव्हता.

चोविसाव्या जागेत, जेथे राखीव डिस्क असायला हवी, तेथे रिकामे झाकण होते. झाकणावर धूळ होती. धुळीला बोट लागले नव्हते.

स्क्रीनवर मात्र ती चालू होती. तिच्यावर लिहिले जात होते. शहात्तर टक्के.

दोन पस्तीस. घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला सौभाग्यवतीने उचलला.

"काय आहे बाई आज! कोण बोलतंय?"

"मी बोलतोय."

"अहो, तुम्ही? अगदी विहिरीतून बोलल्यासारखं येतंय. इतक्या लवकर निघालात म्हणून मी आत्ताच लेकीला सांगत होते, बाबा सुधारले तुझे."

"मी निघालेलो नाही. ऐक—"

"निघाला नाहीत काय? फाटकाशी उभे आहात. मला दिसताय खिडकीतून. धूसर दिसतंय, पण तुम्हाला काय ओळखणार नाही?" ती थांबली. "तुमच्या हातात फोन कुठाय?"

मी तारेचा फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि अहो, खिशात काय घातलंय ते? शर्टाच्या. निळं निळं लुकलुकतंय."

माझ्यासमोर स्क्रीन होता. मी एका हाताने आज्ञा दिली : निळा दिवा, बंद.

"थांबलं," ती म्हणाली.

मग फाटकाची कडी वाजलेली मला ऐकू आली. आमच्या फाटकाची कडी दोनदा वाजते. एकदा वर करताना आणि एकदा ती खाली पडते तेव्हा. पाठोपाठ एका माणसाचे खोकणे. ते खोकणे मी एकसष्ट वर्षे आतून ऐकत आलो आहे. बाहेरून ते कसे लागते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

"दार उघडू नकोस," मी म्हणालो.

"हॅलो? हॅलो? काही ऐकू येत नाही बाई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी खुर्चीवर बसलो. जिवाचा आटापिटा करून काही होणार नव्हते. विचार करायला हवा होता.

उरलेल्यांना विचारून हरवलेल्याचे सगळे मांडता येते. हवालदाराला माझी सही ठाऊक आहे. मॅडमना माझी मते ठाऊक आहेत. सौभाग्यवतीला खोकणे, गुडघा, शब्द देण्याची पद्धत. या सगळ्यांतून जो मांडला जात होता, त्यात एक गोष्ट येणे शक्य नव्हते. ती माझ्याखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती.

तीन पाच. ब्याण्णव टक्के. मॅडमनी फोन उचलला.

"मॅडम, मी दिवा पाहिला नव्हता."

"कोण?"

"सकाळी. मी आज्ञा दिली नाही, वाकलोही नाही. गुडघा दुखत होता. तुमच्याशी खोटं बोललो. पेटीत दोष नाही, दोष माझा आहे. त्यांना विचारा. फोन करा आणि विचारा, दिवा पाहिला होता का."

मग त्यांनी फोन बाजूला ठेवून दुसरा लावल्याचे ऐकू आले. त्या कोणाशी तरी आदराने बोलल्या. हसल्या. "नाही नाही सर, सहज. आणि बाईंना शुभेच्छा सांगा." मग माझा फोन पुन्हा कानाशी घेतला.

"सर म्हणतात, पाहिला होता. सातचाच लुकलुकत होता."

"ते खोटं आहे."

"हे बघा, कोण आहात मला माहीत नाही, अन् हा नंबर तुम्हाला कसा मिळाला तेही. पण सरांच्या नावावर असली थट्टा करू नका. त्या माणसानं आयुष्यात कधी चुकीची डिस्क ओढली नाही."

त्यांच्या आवाजात माझ्याविषयी इतका विश्वास होता, की मला ऐकवेना.

मी चूक शोधायला गेलो होतो. त्यांनी मी सकाळी दिलेली खोटी नोंद तपासून पाहिली आणि ती जुळली.

तीन पंचवीस. शंभर टक्के.

स्क्रीनवर शेवटची तपासणी चालली. ती दीड मिनिट घेते. सगळ्या डिस्क एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. निकाल आला : विसंगती शून्य.

मशिनींचा सूर किंचित खाली आला, दीर्घ श्वास सोडल्यासारखा.

मी दाराशी गेलो. रिबिल्ड संपल्यावर हवालदाराचे कार्ड चालते. त्याला फोन केला. त्याने उचलला आणि कोणाला तरी म्हणाला, "खालच्या खोलीतून वाजतोय. आत तर कोणी नाही. ओलावा धरला असेल परत." त्याने फोन बाजूला ठेवला. परत तो उचलला गेला नाही.

तीन पन्नास. सौभाग्यवतीच्या मोबाईलवर फोन लावला. पलीकडे पावलांचे, चाकांच्या खाटेचे आणि कोणीतरी नाव पुकारत असल्याचे आवाज.

"कोण बोलतंय?"

"मी आहे," मी म्हणालो. "तुला भीती वाटतेय का?"

"मघाशी वाटत होती," ती म्हणाली. कोणीतरी परक्याने आपुलकीने विचारावे आणि आपण उत्तर द्यावे, तशी. "आता नाही. हे जवळच बसलेत ना. आज चौतीस वर्षांनी वेळेवर आले, आणि हात धरून बसलेत. आपण कोण?"

मी फोन ठेवला.

हा मजकूर मी सदराच्या वहीत लिहीत आहे. या महिन्याचे सदर वेळेवर पोचेल, याची मला खात्री आहे; ते कोणी लिहिले, हे संपादकांना कळण्याचे कारण नाही. वाचकांना एवढेच सांगणे : वाकून पाहत जा.

सहा वाजले. टेबलावरच्या यंत्राने पावती छापली. उद्या सकाळी नऊ वाजता चुरा करण्यासाठी, खोलीत पडून असलेल्या परक्या वस्तूंची ही यादी आपोआप निघते. मी ती स्क्रीनच्या उजेडात धरली.

टेबलावर मी मोजले. सकाळी काढलेली डिस्क, आता पूर्ण गार. एक.

खोक्यातली तडकलेली डिस्क मॅडम बदलून घ्यायला बरोबर घेऊन गेल्या होत्या. टेबलाखाली पाहिले, रॅकच्या मागे पाहिले. दुसरे काही नव्हते. परत येऊन पुन्हा मोजले. एक.

पावतीवर छापलेले होते : परके, सुस्थितीत. एकूण नग २.